अंतिम (२)

ड वर्गाच्या वाचनालयात ‘कर्मचारीवर्ग’ हे एकवचन असतं. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने वाचनालयांना मान्यता आणि अनुदान दिलं, नियमांनी अ, ब, क, ड अशा पायऱ्या आखल्या. या पायऱ्यांवरून खाली येता येता अनुदान बरंच आटतं. सूचना आटत नाहीत. शहरातल्या अ वर्गाला जे सांगितलं जातं तेच जसंच्या तसं आमच्या डोंगरात येऊन पोहोचतं आणि त्यातलं ‘सर्व संबंधित कर्मचाऱ्यांनी’ हे शब्द वाचून ग्रंथपालताई खोलीत इकडे-तिकडे बघतात. खोलीत त्या असतात आणि कपाटं असतात.

डोंगरात म्हणजे जव्हार-मोखाड्याच्या. वाचनालयाचं नाव सांगत नाही. या दोन तालुक्यांत सगळे सगळ्यांना ओळखतात, आणि माझ्याकडे एक पुस्तक गेल्या दिवाळीपासून थकलेलं आहे. तेव्हा दोन-चार वाचनालयं कालवून एक केलंय असं समजा. कुलूप उघडणं, केर काढणं, वर्तमानपत्रं काठीला लावणं, देवघेव, दाखल नोंदवही, अनुदानाचा प्रस्ताव आणि त्या प्रस्तावातल्या त्रुटींची पूर्तता एवढी कामं ताई करतात. एक मामाही येतात. ते पगारपत्रकात नाहीत, पण वाळवी कुठल्या कपाटात कुठवर आली आहे हे फक्त त्यांनाच ठाऊक असतं.

तर या वाचनालयाने डिजिटल संग्रह करायचं ठरवलं. त्याचं प्रशिक्षण ऑनलाइन होतं. मोखाड्याच्या बाजूला ऑनलाइन होणं म्हणजे ज्या दगडावर रेंज येते त्या दगडावर जाऊन बसणं. ताई छत्री घेऊन बसल्या. पडद्यावर एक आकृती आली : मधे एक गोल, भोवती पाच गोल. निवड गट, स्कॅनिंग गट, मेटाडेटा (म्हणजे फाइलीची माहिती रकान्यांत भरणारा) गट, गुणवत्ता तपासणी गट आणि जतन गट. प्रत्येक गटात किमान तिघं असावेत, म्हणजे मतभेद झाले तर बहुमताने निर्णय घेता येतो, असं शिकवणारे म्हणाले. ताईंनी वहीत लिहिलं : ‘लागणारी माणसं १५.’ खालच्या ओळीत लिहिलं : ‘आहे १.’

कार्यकारी मंडळाची सभा भरली. आमच्याकडे सभेला माणसं कमी असली तरी विषयपत्रिका भरगच्च असते. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम केल्यावर गट पाडले गेले. कार्यवाह, म्हणजे निवृत्त जिल्हा परिषद शिक्षक असलेले गुरुजी, अक्षर चांगलं म्हणून मेटाडेटा गटात गेले. संगणकाला अक्षर नसतं हा मुद्दा कोणी काढला नाही. नाक्यावर ऑनलाइन सेवा केंद्र चालवणारा दादा स्कॅनिंग गटात, कारण स्कॅनर त्याचा. मामा जतन गटात, कारण त्या खोलीत आजवर प्रत्यक्ष काही जतन केलेला माणूस तोच. अध्यक्ष पाचही गटांत पदसिद्ध. ताई पाचही गटांत, कारण कोणीतरी काम करायला हवं.

पाच गटांचे पाच व्हॉट्सॲप ग्रुप झाले. पाचांत माणसं जवळपास तीच, त्यामुळे अध्यक्षांचं सुप्रभात पाच वेळा उगवतं आणि वाढदिवस पाच वेळा साजरे होतात. जतन गटाच्या ग्रुपवर तर आठवड्यापूर्वीचं काहीच सापडत नाही. फोनची मेमरी भरते म्हणून तिथे ‘गायब होणारे संदेश’ चालू केलेले आहेत. हे कोणी केलं त्याची चौकशी करायची ठरलं, पण ते ठरल्याचा संदेशही आता गायब झालाय.

गुरुजींचा आग्रह असा की गटागटांतला व्यवहार लेखी झाला पाहिजे, आवक-जावक क्रमांकासह. त्यामुळे गुणवत्ता तपासणी गटातल्या ताईंनी स्कॅनिंग गटातल्या ताईंना पत्र लिहिलं : ‘विषय – पान ४७ वाकडे आल्याबाबत. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की सदर पान तिरके स्कॅन झाले असून ते विनाविलंब सरळ करून सादर करावे.’ दुसऱ्या दिवशी स्कॅनिंग गटाचं उत्तर गेलं : ‘सदर पान मूळ पुस्तकातच तिरके शिवलेले आहे. सदर पुस्तकाची शिफारस निवड गटाने केली होती, हे आपल्या निदर्शनास आणून देण्यात येते.’ निवड गटही ताईच. त्यांनी खुलासा मागवला. तिसऱ्या पत्रात भाषा कडक झाली, चौथं थेट स्मरणपत्र होतं. शेवटी गुरुजींनी मध्यस्थी केली आणि दोन्ही बाजू समजूतदार असल्यामुळे प्रकरण मिटलं. पान ४७ अजून तिरकंच आहे, पण आता त्याला जावक क्रमांक आहे.

खरी लढाई फाइलींच्या नावांवरून झाली.

वाचनालयाच्या संगणकावर तोवर जी वस्ती वसली होती ती अशी : ‘नवीन फोल्डर’, ‘नवीन फोल्डर (२)’, ‘नवीन फोल्डर (७)’ (मधले चार कुठे गेले त्याचा पत्ता नाही), ‘फायनल’, ‘फायनल खरं’, ‘ताईंचं फायनल’, ‘हात लावू नये’ आणि ‘हात लावू नये नवीन’. प्रशिक्षणात मिळालेल्या मानकात लिहिलं होतं की नावात मोकळी जागा नको, तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने हवी, आवृत्तीला आकडा द्यावा आणि ‘अंतिम’ हा शब्द कदापि वापरू नये.

तारखेचं पटलं. वर्ष आधी लिहिलं की फाइली आपोआप काळाच्या क्रमाने उभ्या राहतात, हे संगणकावर करून दाखवल्यावर गुरुजीही खूश झाले. वास्तविक आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने हा क्रम १९८८ मध्येच ठरवून दिला होता. आमच्याकडे पोहोचायला वेळ लागला एवढंच. अडचण वेगळीच निघाली. जुन्या कागदांवर इसवी सन असतोच असं नाही. कुठे शके, कुठे संवत, कुठे फसली, आणि एका वहीवर नुसतं ‘अधिक मासात’. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो हे गुरुजींना पाठ. पण शक बदलतो चैत्रात आणि सन बदलतो जानेवारीत, तेव्हा जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९ मिळवावे लागतात. एवढ्या एका वर्षावर दोन सभा झाल्या.

‘अंतिम’ मात्र कोणी सोडेना. अध्यक्षांचा प्रश्न बिनतोड होता : “अंतिम लिहायचंच नाही, तर काम संपलं हे कळणार कसं?” दादा म्हणाला, काम संपत नसतं, आवृत्ती वाढत असते. हे वाक्य अध्यक्षांना विरक्त वाटलं. मग ठराव झाला : ‘फाइलच्या नावात अंतिम हा शब्द वापरू नये, तथापि अंतिम झालेल्या फाइली ठेवण्यासाठी अंतिम या नावाचे फोल्डर करण्यास हरकत नाही.’ सूचक अध्यक्ष, अनुमोदक गुरुजी, सर्वानुमते मंजूर. संध्याकाळी ताईंनी एकीकडे आणि दादाने दुसरीकडे तो फोल्डर केला, रात्री दोन्ही एका डिस्कवर आले आणि संगणकाने कोणालाही न विचारता एकाचं नाव ‘अंतिम (२)’ करून टाकलं. सध्या सगळं काम त्यातच चालतं. पहिला ‘अंतिम’ रिकामा आहे, पण तो ठरावाने झालेला असल्यामुळे पुसता येत नाही.

मग आलं गावाचं नाव. मानक म्हणतं, नाव रोमन लिपीत लिहा, म्हणजे कुठल्याही संगणकावर उघडेल. पण जव्हारला डब्ल्यू की व्ही? सरकारी पाटीवर एक, दुकानावर दुसरं, जुन्या कागदात तिसरं. कॅम्बेलसाहेबांनी १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये स्वरावर तिरकी रेघ देऊन चौथं करून ठेवलंय. चार स्पेलिंगं म्हणजे संगणकाच्या लेखी चार गावं, आणि चौघांनाही शोधायला एकट्या ताई. तोड गुरुजींनी काढली. शिक्षकाच्या नोकरीत ज्याने जनगणना, मतदारयादी आणि पल्स पोलिओ केलंय त्याला अख्खा तालुका आकड्यांत दिसतो. ते म्हणाले, २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा आकडी क्रमांक दिलेला आहे, तोच फाइलच्या नावात घाला. आकड्याला स्पेलिंग नसतं. सभा अवाक झाली. गटांच्या इतिहासात गटाने काढलेला हा पहिला उपाय. त्याचं कौतुक करायला चहा मागवला आणि चहा येईपर्यंत जिल्ह्याचा वाद निघाला.

वाचनालयातल्या निम्म्या पुस्तकांवर शिक्का आहे तो ‘जि. ठाणे’ असा. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी, राज्यातला छत्तिसावा. त्याआधी ठाणे. आणि १९४८ च्या आधी जव्हार ठाण्यातही नव्हतं. ते मुकण्यांचं संस्थान होतं. शेजारचं मोखाडं मात्र इंग्रजांच्या ठाणे जिल्ह्यात. वीस-पंचवीस किलोमीटरचं अंतर, आणि तेव्हा दोन राज्यं. आता १९३० सालचा जव्हारचा कागद कुठल्या फोल्डरात टाकायचा? दादा म्हणाला, सरळ ‘पालघर’ करा, आज जे आहे ते. गुरुजी उसळले : “१९३० साली पालघर हे आमच्यासाठी परराज्यातलं रेल्वे स्टेशन होतं!”

या वादात गुरुजींची बाजू अभ्यासाची होती, असं माझं मत आहे. कागद ज्या कारभारातून निघाला त्याच कारभाराखाली ठेवावा, त्याची मूळ संगत मोडू नये, हे अभिलेखागारांचं जुनं तत्त्व आहे. पण दादाची बाजू गिऱ्हाइकाची होती. शोधणारा आजच्या जिल्ह्याचं नाव टाकूनच शोधणार. शेवटी कागद संस्थानाच्या फोल्डरात राहिला आणि रकान्यात आजचा जिल्हाही लिहिला गेला. एका कागदाला दोन पत्ते देता येतात, ही संगणकाची खरी सोय. लाकडी कपाटाला ती जमत नव्हती. दोघंही जिंकले म्हणून दोघंही जरा नाराज झाले.

संस्थानाच्या फोल्डरात पुढे राजे आले, आणि त्यांच्याबरोबर नावाचा नवा घोळ. जव्हारच्या गादीवर पतंगशाह नावाचे राजे एकाहून अधिक झाले. कागदावर नुसतं ‘श्रीमंत पतंगशाह महाराज’ असेल तर कुठला पतंगशाह? राज्यात असताना सगळ्यांना कळत होतं, म्हणून कोणी क्रमांक लिहिला नाही. उलट शेवटचे राजे यशवंतराव मुकणे. ते दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात गेले, संस्थान विलीन झाल्यावर पुढे खासदार झाले. निवड गटाने त्यांचे तीन फोल्डर केले : राजा, हवाई दल, लोकसभा. बाहेरच्या वाचकाला वाटावं की या डोंगराने तीन यशवंतराव दिले. मोठ्या ग्रंथालयांत याच कामासाठी प्रमाणित नावांची यादी ठेवतात. एक माणूस, एक प्रमाण नाव, बाकी नावांवरून तिकडे बोट. आमच्याकडे ही यादी गुरुजींच्या डोक्यात आहे, आणि तिची दुसरी प्रत नाही.

राजवाड्याबद्दल कमीच बोलावं. जय विलास राजवाड्याचे जुने फोटो द्या असं आवाहन केलं, तर लोकांनी भरभरून दिले. प्रत्येक फाइलचं नाव ‘राजवाडा’. उघडून बघावं तर पुढे नवरा-नवरी, मागे धूसर घुमट. लग्नाआधीची छायाचित्रं काढायला हल्ली तिथे रांग असते. निवड गटाने बैठक घेऊन निकष ठरवला : ज्यात राजवाडा नवरीपेक्षा मोठा दिसतो ते घ्यायचे.

रोमन लिपीच्या नियमावर कोणी म्हणेल, मराठी वाचनालयात नावं मराठीतच का नकोत? हा ठरावही आला होता आणि त्यात स्वाभिमानाचा मुद्दा होता. काही फाइली हौसेने देवनागरीत ठेवल्या. मग ‘ॲडव्होकेट’ या शब्दाने सुरू होणारी एक फाइल दिसायची पण शोधली की सापडायची नाही. तीन दिवस ताईंना वाटत होतं की डोळे गेले. कारण असं की ‘ॲ’ हे अक्षर दोन प्रकारे टाइप होतं. एक आख्खं अक्षर, जे युनिकोडमध्ये २००८ साली आलं. आणि एक ‘अ’वर चंद्र चढवलेलं. माणसाच्या डोळ्याला दोन्ही सारखीच, संगणकाच्या लेखी वेगळी. तसाच दुसरा प्रकार म्हणजे जोडाक्षरात लपून बसणारा अदृश्य जोडक. एका कळफलकाने तो घातला, दुसऱ्याने नाही, की दिसायला एकसारखी दोन गावं शेजारी शेजारी उभी राहतात आणि एकमेकांना ओळख देत नाहीत. ठराव सन्मानाने मागे घेण्यात आला. आता फाइलच्या नावात आकडे आणि रोमन अक्षरं, आणि आतल्या रकान्यात शुद्ध मराठी. स्वाभिमान रकान्यात सुरक्षित आहे.

फाइलीच्या प्रकारांवर गुरुजींनी फार वेळ घेतला नाही, कारण त्यातलं काही कळत नव्हतं. जतनासाठी टिफ, वाचकासाठी पीडीएफ, दीर्घकाळासाठी पीडीएफ-ए, एवढं ताईंनी फळ्यावर लिहून ठेवलं. मग दादाने हिशेब केला. ए-फोर आकाराचं रंगीत पान इंचाला ३०० ठिपक्यांनी स्कॅन केलं आणि आवळलं नाही, तर साधारण २६ एमबी होतं. चारशे पानांचं पुस्तक म्हणजे दहा जीबीच्या वर. दादाच्या फोनचं पॅक दिवसाला दीड जीबीचं. म्हणजे एक पुस्तक वर चढवायला सात दिवस, आणि त्या सात दिवसांत दादाने एकही रील बघायची नाही. स्कॅनिंग गटाला इतका त्याग मान्य नव्हता. त्यामुळे टिफ डिस्कवर राहतात आणि वर जाते ती हलकी पीडीएफ.

काहींनी मधला मार्ग म्हणून पानांचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकले. तिथे फोटो आकसतो आणि त्याचं नाव बदलून तारीख, काही इंग्रजी अक्षरं आणि चार आकडे एवढंच उरतं. गावक्रमांक, वर्ष, आवृत्ती, साऱ्या सभांची मेहनत एका फॉरवर्डात गेली. त्यावर मानकाचं परिपत्रक निघालं. ते व्हॉट्सॲपवरच फॉरवर्ड झालं.

पावसाचं तर विचारूच नका. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटरवर. जूनमध्ये ढग खोलीत येऊन बसतो. स्कॅनरच्या काचेला दव, पुस्तकाच्या पानांना बुरशी, आणि वीज गेली की यूपीएसची टी-टी. मानकात ‘नियंत्रित तापमान व आर्द्रता’ असं कलम आहे. मामांनी त्याची अंमलबजावणी पेटीत कडुलिंबाचा पाला, खाली विटा आणि वर ताडपत्री अशी केली आहे. मानकात आणखी एक नियम आहे : तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावी. पहिली प्रत संगणकात, दुसरी कपाटातल्या डिस्कवर. तिसरी गुरुजींच्या मुलीकडे नाशिकला. ती दिवाळीला माहेरी येते तेव्हा प्रत अद्ययावत होते. मुलीला यायला जमलं नाही तर जतन गटाला आधी काळजी प्रतीची वाटते, मग जावयाची.

इथवर वाचून कोणाला वाटेल की मानकं म्हणजे नुसती करमणूक. पण ती कोण पाळतं आणि का, हे मला दादाच्या दुकानात कळलं. या दोन तालुक्यांत दहातले नऊ जण आदिवासी. जातीचा दाखला, त्याची पडताळणी, त्यासाठी १९५० च्या आधीचा पुरावा. अनुसूचित जमातींसाठी ती तारीख ६ सप्टेंबर १९५०. आजोबा शाळेत गेले असतील तर शाळेच्या जनरल रजिस्टरमधली एक ओळ हाच पुरावा. ती ओळ स्कॅन करून घ्यायला लोक दादाकडे येतात. त्याच्या संगणकावर प्रत्येक फाइल कशी? गावक्रमांक, वर्ष, आडनाव, आवृत्ती. मोकळी जागा नाही, ‘अंतिम’ नाही. अर्ध्या मिनिटात सापडते. वाचनालयात याच दादाने याच हाताने ‘नवीन फोल्डर (९)’ केलेला आहे. मी विचारलं, हे कसं? तो म्हणाला, “इथे फाइल सापडली नाही तर माणूस काउंटरवर उभा राहतो. त्याची अ‍ॅडमिशनची तारीख उद्याची असते. तिथे कोण उभा राहतो?”

उभं राहणारं कोणी नसतं, हे खरंच आहे. मी स्वतः गेल्या दिवाळीपासून तिकडे फिरकलेलो नाही.

त्यावर गुरुजींनी शिस्तीचं भाषण केलं. गट आहेत पण गटभावना नाही वगैरे. तेव्हा आजवर एकाही सभेत न बोललेले मामा बोलले. त्यांनी बोहाड्याचं उदाहरण दिलं. होळीनंतरच्या उन्हाळ्यात आमच्याकडे गावोगाव बोहाडा होतो. मुखवटे लावलेली सोंगं रात्रभर मशालींच्या उजेडात, संबळ-पिपाणीवर नाचत निघतात. आधी गणपती, मग सरस्वती, मग बाकीचे देव आणि दैत्य आपापल्या पाळीने. रावण कधी गणपतीच्या आधी आला असं झालेलं नाही. कुठलं सोंग कुठल्या घराकडे, हे पिढीजात ठरलेलं. घरात सुतक असेल तर पुढे काय करायचं, तेही ठरलेलं. मुखवटा उरलेलं वर्ष कुठे टांगायचा, त्याला रंग कोणी द्यायचा, हेही. कुठे लिहिलेलं नाही, ग्रुप नाही, पदसिद्ध कोणी नाही. मामा एवढंच म्हणाले की तिथे ज्याचं सोंग त्याला ते वागवावं लागतं. इथे सगळी सोंगं ताईंनाच दिलीत.

सभेत शांतता पसरली. गुरुजींनी वहीत काहीतरी लिहिलं. दादा हळूच म्हणाला की पूर्वी मुखवटे लाकडाचे असायचे, आता कागदाच्या लगद्याचेही करतात. सोंग तेच, साधन बदललं. प्रशिक्षणात यालाच फॉरमॅट बदलून जतन करणं म्हणतात आणि त्यावर दीड तास घेतला होता.

परिणाम असा झाला की गट नव्याने पाडले. या वेळी गोल काढले नाहीत. गावांची नावं मामांनी सांगायची, तारखा गुरुजींनी, फाइलचं नाव दादाने, आणि ताईंनी फक्त ‘नाही’ म्हणायचं. अध्यक्षांकडे पदसिद्ध सुप्रभात राहिलं, पण एकाच ग्रुपवर. काम सुरळीत झालं असा दावा मी करणार नाही. परंतु नव्या फाइलींना आता एका घाटाची नावं असतात.

त्यातली सर्वांत मोलाची भर म्हणजे आवाजाच्या फाइली. तारपावादन, कथा, लग्नातली गाणी. कोणीतरी जुन्या फोनवर केलेली काही ध्वनिमुद्रणं इतकी आवळलेली होती की तारप्यापेक्षा मागचा कोंबडा स्वच्छ ऐकू यायचा. मग दादाने नीट मायक्रोफोन लावून, न आवळलेल्या वेव्ह फाइलीत नव्याने मुद्रण सुरू केलं आणि मेटाडेटा गट रकाने घेऊन बसला. हे रकाने पंधरा. त्यांची सुरुवात १९९५ साली डब्लिनमध्ये झाली. आयर्लंडच्या नव्हे, अमेरिकेतल्या ओहायोतल्या डब्लिनमध्ये. तिथे जमलेल्या मंडळींच्या डोळ्यांसमोर आमची धवलेरी नव्हती. धवलेरी म्हणजे वारल्यांची लग्नं लावणारी बाई. तिच्या गाण्याशिवाय लग्न लागत नाही.

एका पाड्यावरच्या अशा आजींपुढे गुरुजी रकाने वाचू लागले. ‘कर्ता कोण?’ आजी म्हणाल्या, गाणं आधीपासून आहे. ‘दिनांक?’ तेही आधीपासून. ‘प्रकाशक?’ आजींनी गुरुजींकडे काळजीने बघितलं. ‘भाषा’ हा रकाना त्यांना विचारण्यासारखाच वाटला नाही. आपण बोलतो ती. ‘विषय?’ लग्न. इथवर गुरुजींचे चौदा रकाने कसेबसे भरले किंवा सुटले. शेवटचा उरला ‘हक्क’. एरवी हा रकाना कोणी भरत नाही. ‘सर्व हक्क राखीव’ असं ठोकून देतात. आजींनी मात्र यावर बराच विचार केला आणि सांगितलं की हे गाणं लग्नाचं आहे, ते लग्नसराईतच काढायचं. एरवी कोणाला ऐकवायचं नाही. गुरुजींनी तसंच लिहून घेतलं, अंगठा घेतला, आणि ताईंनी ते रकान्यात शब्दशः भरलं.

आषाढात एका अभ्यासकांचा मुंबईहून ईमेल आला. त्यांना ते गाणं हवं होतं, आणि निबंध द्यायची मुदत जवळ आली होती. पूर्वीच्या पाचही गटांतल्या ताईंनी विचारविनिमय केला, एकमत झालं आणि जावक क्रमांक टाकून उत्तर गेलं : ‘आपण मागणी केलेली फाइल सुस्थितीत उपलब्ध आहे. तथापि सध्या लग्नसराई नसल्याने ती देता येत नाही. हंगामात पुनश्च अर्ज करावा.’

अभ्यासकांनी उलट टपाली विचारलंय की लग्नसराई नेमकी केव्हापासून धरायची ते कळवावं, आणि तारीख कृपया वर्ष-महिना-दिवस या क्रमाने द्यावी. हे पत्र सध्या मेटाडेटा गटाकडे प्रलंबित आहे. गुरुजी म्हणतात, आधी भात कापून होऊ दे.